दहन, दफन, देहदान: कोणता पर्याय कोणते दार बंद करतो

माणूस गेल्यावर देहाचे काय करायचे, हे आपल्याकडे बहुतेक घरांत जातीने, धर्माने आणि भावकीतल्या जाणत्यांनी आधीच ठरवलेले असते. तरीही हल्ली वडील जेवताना सहज सांगून जातात, "माझे देहदान करा." आई म्हणते, "मला विद्युतदाहिनीत नको." कुणी म्हणते, मला पुरा आणि वर आंबा लावा. ऐकणारे "असं अभद्र बोलू नका" म्हणून विषय मिटवतात. मग वेळ येते तेव्हा घरात पंचवीस माणसे, पाच मते आणि हाताशी थोडे तास.

घोळ होतो तो हे सगळे पर्याय एकाच वेळी खुले असतात या समजुतीने. त्यातले काही घड्याळाला बांधलेले आहेत आणि काही एकमेकांच्या आड येतात. नेत्रदान केले तरी पुढे दहन, दफन, देहदान यातले काहीही करता येते. शवविच्छेदन झाले की देहदान जवळपास संपले. दफन केलेला देह गरज पडल्यास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पुन्हा बाहेर काढता येतो. दहन झाले की मात्र पुढची सगळी दारे बंद. म्हणून निवड करताना "आपल्यात काय करतात" यासोबत आणखी एक गोष्ट विचारावी: हे केल्यावर पुढे काय करता येणार नाही?

पहिला तास

घरी मृत्यू झाला असेल तर पहिले काम डॉक्टरांना बोलावण्याचे. मृत्यूचे कारण लिहिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचे असते. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 असतो आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना 4अ. या प्रमाणपत्राचे शुल्क घेता येत नाही, असे जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदाच सांगतो. घरी येण्याची फी ही वेगळी गोष्ट. बरेच दिवस कुणा डॉक्टरांना दाखवलेलेच नसेल तर शेजारचे डॉक्टर सही करायला कचरतात, आणि त्यांचे चुकत नाही. न पाहिलेल्या आजाराचे कारण त्यांनी लिहायचे तरी कशाच्या आधारावर? अशा वेळी पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जावे लागते. पडणे, भाजणे, विषबाधा, अपघात, गळफास यातले काही असेल तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे "सगळं मिटवून टाकू" म्हणत घाईने दहन करणारे नातेवाईक स्वतःच अडचणीत येतात.

दुसरे काम देहाचे. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत स्नायू ताठरू लागतात. सुरुवात जबडा, पापण्या, मान इथून होते. बारा तासांच्या सुमारास सगळे अंग लाकडासारखे कडक होते आणि दीड दिवसाच्या आसपास पुन्हा सैल पडते. म्हणून पापण्या मिटणे, हनुवटीखालून डोक्यावर फडके बांधणे, हातपाय सरळ करणे, पायाचे अंगठे जोडून बांधणे हे सगळे पहिल्या तास-दीड तासात उरकावे. जुन्या बायका हे न सांगता करत. उशीर झाला की तोंड उघडे राहते, गुडघा वाकलेला राहतो आणि तिरडीवर बांधताना ओढाताण होते. ताठरलेला सांधा जोर लावून सरळ करू नये, हाड मोडू शकते.

सलाईनची सुई, लघवीची नळी, नाकातली नळी नर्सकडून काढून घ्यावी. बोटे सुजण्याआधी अंगठ्या साबणाच्या पाण्याने सोडवाव्यात. डायपर लगेच बदलावा, कारण स्नायू सैल पडताना मलमूत्र बाहेर येते. यात अशुभ काही नाही आणि नवलही नाही. आणि छातीत पेसमेकर आहे का, हे विचारावे. त्यातली लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते. विद्युतदाहिनीत तो स्फोट विटांच्या अस्तराला तडे देऊ शकतो आणि दाराजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला इजा करू शकतो. तो काढायला डॉक्टरांना छोटा छेद द्यावा लागतो, दहा-पंधरा मिनिटांचे काम असते. दफन करायचे असेल तर काढण्याची निकड नाही.

डोळे, त्वचा आणि अवयव

यातला सर्वांत सोपा पर्याय नेत्रदान, आणि सर्वांत जास्त वेळा हुकतो तोही हाच. बुबुळ मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागते, जितके लवकर तितके चांगले. वय, चष्मा, मधुमेह, झालेले मोतीबिंदूचे ऑपरेशन यातले काहीही आड येत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रक्ताचा कर्करोग, सर्वत्र पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत. पथक येईपर्यंत पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकते. एसी असेल तर चालू ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करायचे आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा. वीस मिनिटांत काम होते आणि चेहरा विद्रूप दिसत नाही. मृत व्यक्तीने अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने नेत्रदान होते. अर्ज भरलेला असून घरच्यांनी फोनच केला नाही तर होत नाही.

त्वचादानाबद्दल फार कमी लोकांना ठाऊक असते. मांड्या, पाय आणि पाठ इथून त्वचेचा पातळ वरचा थर काढतात. रक्त वाहत नाही, पट्टी बांधतात आणि कपडे घातल्यावर काही दिसत नाही. इथेही मर्यादा सहा तासांचीच. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये शीत तापमानाला साठवतात आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांना ती तात्पुरते आवरण म्हणून लावतात. ती कायमची रुजत नाही, पण रुग्णाचे पाणी, क्षार आणि प्रथिने वाहून जाणे थांबवते, आणि रुग्ण जगतो की नाही हे पुष्कळदा तेवढ्यावर ठरते. मुंबईत शीवचे पालिका रुग्णालय आणि नवी मुंबईत ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर इथे त्वचापेढ्या आहेत.

यकृत, मूत्रपिंड, हृदय यांची गोष्ट निराळी. घरी मृत्यू झाल्यावर हे अवयव देता येत नाहीत. मेंदूमृत रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असेल तरच ते शक्य असते. 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, मगच मेंदूमृत्यू जाहीर होतो. म्हणजे "अवयवदानाचे कार्ड काढलेय" म्हणणाऱ्या आजोबांचे घरी झोपेत निधन झाले, तर त्या कार्डातून प्रत्यक्षात उरतात ते डोळे आणि त्वचा. तेवढे तरी करावे.

देहदान

देहदान म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला संपूर्ण देह देणे. महाराष्ट्रात यामागे 1949 चा शरीरशास्त्र कायदा आहे. अर्ज साधा असतो: दोन साक्षीदार, जवळच्या नातेवाइकाची सही, फोटो, ओळखपत्र. मात्र तो अर्ज म्हणजे इच्छेची नोंद. देह पोहोचवायचा असतो वारसांनी, आणि त्यांतला एक जरी आडवा झाला तरी महाविद्यालय वादात पडत नाही. म्हणून साक्षीदाराच्या जागी मित्राची सही घेण्यापेक्षा विरोध करील असे वाटणाऱ्या मुलाची किंवा भावाची घ्यावी.

नकार कशामुळे मिळतो, तेही समजून घेतलेले बरे. देह टिकवण्यासाठी मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मलिनचे आठ-दहा लिटर द्रावण सोडतात. ते रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातूनच सगळीकडे पोहोचते. शवविच्छेदनात वाहिन्या कापल्या गेल्या असतील तर द्रावण गळून जाते आणि देह सडतो. म्हणून शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. फार लठ्ठ देहात चरबीमुळे द्रावण नीट मुरत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, क्षयरोग यांत विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना धोका असतो. मोठ्या शय्याव्रणांनी किंवा गँगरीनने पोखरलेला देहही नाकारला जातो. पोलीस केस असेल तर प्रश्नच मिटतो. अवयव काढलेला देह सहसा घेत नाहीत. नुसते नेत्रदान झाले असेल तर हरकत घेत नाहीत, त्वचादान झाले असेल तर आधी विचारावे.

वेळेचे गणित इथेही सहा-आठ तासांचे, उन्हाळ्यात त्याहून कमी. देह थंड ठेवणारी शवपेटी किंवा शवागार मिळाले तर मुदत वाढते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी विभाग बंद असतो. तेव्हा देह कोण ताब्यात घेणार, शवागारात जागा आहे का, शववाहिका कुणी आणायची, हे अर्ज भरतानाच विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवावे. सोबत मृत्यूच्या कारणाचे मूळ प्रमाणपत्र लागते. देह साधारण वर्ष-दोन वर्षे अभ्यासाला वापरतात आणि मग महाविद्यालयच त्याची विल्हेवाट लावते. अस्थी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत. ज्या घरात दहावे-तेरावे अस्थींशिवाय पुरे वाटणार नाही, तिथे ही गोष्ट आधी बोलून घ्यावी. आणि देहदान नाकारले गेले तर काय करायचे, तेही आधीच ठरलेले असावे. रात्री अकराला महाविद्यालयाच्या दारातून परत फिरलेल्या घरच्यांचे हाल बघवत नाहीत.

सरण

लाकडावरच्या दहनाला एका प्रौढ देहासाठी साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. पावसाळ्यात त्याहून जास्त, कारण बरीचशी उष्णता लाकडातले पाणी उडवण्यातच खर्च होते. तळाला जाड ओंडके, त्यांत हवा खेळेल एवढी फट. त्यावर आडवा थर, त्यावर देह, मग पुन्हा लाकूड आणि दोन्ही बाजूंनी कलती लावलेली बारीक फोड. फटी न ठेवता गच्च रचलेले सरण धुमसते, पेटत नाही. घाट बांधलेल्या ठिकाणी लोखंडी सांगाडा असतो, त्याच्या उभ्या गजांमुळे लाकूड घसरत नाही आणि खालून हवा लागते. उघड्या मातीवर रचले तर लाकूड वाढवावे लागते.

देहाचा सर्वांत हट्टी भाग छाती आणि कंबर. तिथे हाडे जाड, मांस जास्त आणि पाण्याचा अंशही जास्त असतो. डोके आणि पाय लवकर जळतात. नवखे लोक लाकूड डोक्यापासून पायापर्यंत सारखे पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी सावडायला गेल्यावर कमरेचा भाग अर्धवट सापडतो. म्हणून जड ओंडके छातीवर आणि मांड्यांवर ठेवायचे. त्याचे आणखी एक कारण आहे. उष्णतेने स्नायू आखडतात, कोपर आणि गुडघे दुमडतात, धड किंचित उचलले जाते. "प्रेत उठून बसलं" या गावोगावच्या गोष्टी तिथून निघतात. वर वजन असले की असे होत नाही.

तूप, राळ, कापूर आग धरायला पुरतात. रॉकेल आणि डिझेल ओतले की मोठा भडका होतो, पण जळते ते इंधन. ओले लाकूड तसेच राहते. पेटलेल्या सरणावर कॅनमधून पेट्रोल ओतणे हा तर जीवघेणा वेडेपणा. ज्वाला धारेवरून उलट कॅनपर्यंत येते. सरण बरोबर असेल तर चार-सहा तासांत काम होते, निखारे रात्रभर राहतात. कवटी फुटल्याचा आवाज ऐकूनच निघायचे, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. तो आवाज दर वेळी येतोच असे नाही.

कोल्हापूरचा प्रकार वेगळा. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन होते, महापालिका ते मोफत करते आणि लोक शेणी दान देतात. होळीला शेणी जाळण्याऐवजी स्मशानाला द्या, असे सांगणारी तरुण मंडळे तिथे आहेत. शेणी मंद पण सलग जळते, तिचा निखारा टिकतो, झाड तोडावे लागत नाही. फक्त ती कोरडी हवी. दमट शेणीचा नुसता धूर होतो.

विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी

विद्युतदाहिनीत आतल्या भिंतींना उष्णतारोधक विटांचे अस्तर आणि तापणाऱ्या कॉइल असतात. भट्टी आधी सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापवलेली असते आणि देह सरकत्या पाटावरून आत जातो. पुढे देहातली चरबी स्वतःच इंधन होते आणि तापमान आठशे-नऊशेच्या पुढे जाते. तासा-दीड तासात काम संपते. थंड भट्टी तापायला काही तास लागतात आणि सतत तापण्या-थंडावण्याने विटांना तडे जातात, कॉइल तुटतात. म्हणून दिवसात एकच देह येणाऱ्या लहान गावात विद्युतदाहिनी परवडत नाही. उद्घाटनानंतर बंद पडलेल्या कित्येक दाहिन्यांमागे हेच गणित आहे. तिथे गॅसदाहिनी बरी. ती लवकर तापते आणि काम नसताना बंद ठेवता येते.

आत काय न्यायचे नाही, यावर कर्मचारी आणि नातेवाईक यांची रोज हुज्जत होते. अख्खा नारळ उष्णतेने फुटतो. काचेच्या बांगड्या वितळून तळाच्या विटांना चिकटतात. जाड गादी आणि गोधडी आधी भडकते आणि चिमणीतून काळा धूर काढते. प्लॅस्टिकच्या हारांचेही तेच. तिरडीचे बांबू बाहेरच सोडवतात. मंत्र, पाणी देणे, मडके फोडणे, मुखात तूप-तुळस हे सगळे बाहेरच्या ओट्यावर होते. विद्युतदाहिनीत विधी करता येत नाहीत, ही समजूत चुकीची. अग्नी देणे म्हणजे तिथे बटण दाबणे किंवा कापराची ज्योत देहाला लावून आत सरकवणे. मुलीने द्यायला कायद्याची आडकाठी कुठेच नाही, आणि पुण्या-मुंबईत आता गुरुजीही हरकत घेत नाहीत.

बहुतेक महापालिकांत दाहिनी मोफत किंवा नाममात्र दरात मिळते. खर्च होतो तो शववाहिका, सामान आणि दक्षिणेवर.

राख आणि अस्थी

पूर्ण जळलेले हाड पांढरे आणि ठिसूळ असते. काळपट हाड अर्धवट जळालेले. सावडताना पांढरे तुकडे वेगळे घ्यावेत, आधी दूध-पाणी शिंपडून निखारा विझल्याची खात्री करावी. मातीच्या मडक्यात कोमट राख भरली तर हरकत नाही, प्लॅस्टिकच्या डब्यात भरली तर डबा वितळतो. विद्युतदाहिनीतली राख त्याच दिवशी मिळते. तिच्यात आधीच्या देहाची चिमूटभर राख असू शकते. भट्टी कितीही झाडली तरी विटांच्या सांध्यांत थोडी उरतेच.

अस्थी नाशिकच्या रामकुंडात, पंढरपुरात, नृसिंहवाडीला किंवा गावच्या नदीत सोडतात. मूठभर अस्थींनी नदी बिघडत नाही. पोत्यापोत्यांनी टाकलेली लाकडाची राख, हार, कपडे आणि गाडग्यांचे तुकडे तिला बिघडवतात. सांगली-कोल्हापूरकडे रक्षा शेतात पसरण्याची किंवा झाडाच्या खड्ड्यात घालण्याची रीत रुजली आहे, ती चांगली आहे. फक्त लाकडाची राख अल्कधर्मी असते. एका रोपाच्या बुडात टोपलीभर ओतली तर रोप जळते. दोन-चार मुठी मातीत मिसळाव्यात, बाकीची रानभर पातळ पसरावी.

दफन

दफन म्हटले की मुसलमान आणि ख्रिस्ती एवढेच डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्रात लिंगायत, गोसावी, नाथपंथी आणि इतरही काही समाजांत दफनाचीच रीत आहे. लहान मुलांना हिंदूंतही पुरतात. बाबा आमटे 2008 साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनात त्यांचे दफनच झाले.

लिंगायत रीतीत देह बसवून पुरतात. म्हणून खड्डा लांबट नसतो, खोल असतो आणि त्यात बसण्यापुरता कोनाडा कोरतात. देह मांडी घालून बसवायचा, तळहातावर इष्टलिंग ठेवायचे, विभूती आणि बेलपत्रे वाहायची. अडचण ताठरण्याची. आडवा ठेवलेला देह कडक झाला की बसवता येत नाही, म्हणून मृत्यूनंतर लगेच भिंतीला टेकवून, कापडाने बांधून बसवून ठेवतात. शवागारातून आडव्याने आणलेल्या देहाबाबत हीच पंचाईत होते. रुग्णालयात मृत्यू झाला तर कर्मचाऱ्यांना हे आधी सांगावे.

मुस्लिम दफनात गुसल (देहाला आंघोळ), मग कफन (पुरुषाला तीन कापडे, स्त्रीला पाच), जनाज्याची नमाज आणि कबर. चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. माती घट्ट असेल तर खड्ड्याच्या तळाशी एका बाजूला कोनाडा कोरून देह त्यात ठेवतात. भुसभुशीत असेल तर मधोमध चर घेऊन वर फळ्या किंवा फरशा टाकतात, म्हणजे माती थेट देहावर पडत नाही. दफन शक्य तितक्या लवकर करायचे, ही शिकवण आपल्या हवामानाला अगदी सोयीची आहे.

माती कशी आहे, हा दफनातला खरा तांत्रिक प्रश्न. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर पाणी लागते, खड्डा भरून येतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात कडा ढासळतात. पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत देह लवकर विघटित होत नाही. चरबीचा साबणासारखा थर बनतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. खड्डा उथळ राहिला तर कुत्री-कोल्हे उकरतात.

मुंबईत त्याहून मोठी अडचण जागेची. कायमची कबर फार थोड्यांना मिळते. बाकीच्या कबरी ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा वापरतात आणि ख्रिस्ती दफनभूमीत हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. इथे गडबड करतात ते कपडे. नायलॉन-पॉलिएस्टरचा सूट, मोजे, प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली पॉलिशची पेटी यांनी विघटन अडते आणि मुदत संपून उघडल्यावर देह तसाच निघतो. सुती कपडा आणि साध्या लाकडाची पेटी पुरे. कॅथलिकांना दहनाची मुभा 1963 पासून आहे. राख मात्र उधळू नये, घरीही ठेवू नये, पवित्र जागीच ठेवावी, असे चर्चने 2016 मध्ये स्पष्ट केले.

स्वतःच्या शेतात पुरायचे किंवा जाळायचे असेल तर ग्रामपंचायत किंवा पालिकेची परवानगी घ्यावी. विहीर, ओढा आणि वस्ती जवळ नको. दलित वस्तीला स्मशानाची जागाच नाही, अशी गावे अजून आहेत. तिथे "पर्याय निवडा" हा सल्ला ऐकवणेही क्रूर वाटते.

पारशांची डुंगरवाडी

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, दोखम्यांत (वरून उघड्या गोल बुरुजांत) देह गिधाडांना अर्पण करण्याची पारशी पद्धत गिधाडांवर अवलंबून होती. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती देशभरातून जवळपास संपली. जनावरांसाठीच्या या औषधावर 2006 साली बंदी आली, तोवर उशीर झाला होता. देह उन्हाने सुकवायला सौर परावर्तक बसवले, पण ते पावसाळ्यात काय कामाचे? 2015 मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशी प्रार्थनांसाठी सभागृह सुरू झाले. 2024 मध्ये रतन टाटांचे दहन वरळीतच विद्युतदाहिनीत झाले. दहन चालेल का, यावर धर्मगुरूंमधला वाद मिटलेला नाही. लोकांनी मात्र आपापली सोय पाहिली.

परदेशात

लंडन, न्यू जर्सी, सिडनीत राहणाऱ्यांना दोन धक्के बसतात. पहिला उशिराचा: दहनाला आठवडा-दोन आठवडे लागणे तिथे नेहमीचे. दुसरा अस्थींचा. तिथे दहनानंतर हाडे यंत्रात दळतात आणि हाती येते दोन-तीन किलो बारीक करडी पूड. हाडांचे तुकडे हवे असतील तर "दळू नका" असे आधी लेखी सांगावे लागते. भारतात आणताना डबा धातूचा नको, कारण विमानतळावरच्या यंत्रातून आरपार दिसले पाहिजे. सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, मृताचा पासपोर्ट आणि भारतीय वकिलातीचे पत्र. संपूर्ण देह आणायचा तर एम्बामिंगचा (देह रसायनाने टिकवल्याचा) आणि पेटी सीलबंद केल्याचा दाखला वाढतो, खर्चही अनेक पटींनी वाढतो.

तिकडे आणखी दोन पर्याय आहेत. एकात देह पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम पाण्यात विरघळवतात, उरलेली हाडे दळून देतात. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी हाच पर्याय निवडला होता. दुसऱ्यात लाकडाचा भुसा आणि पेंढ्यात देहाचे काही आठवड्यांत खत होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने त्याला 2019 मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली. आपल्याकडे माणसांसाठी अशा सोयी रूढ नाहीत.

कागद

शेवटची इच्छा मृत्युपत्रात लिहिणारे पुष्कळ. ते पाकीट उघडते तेराव्यानंतर. ही इच्छा वेगळ्या कागदावर लिहावी: पहिली पसंती, ती जमली नाही तर दुसरी, नेत्रपेढीचा आणि महाविद्यालयाचा फोन, पेसमेकर आहे की नाही, कोणते विधी हवे-नको, आणि निर्णय कुणी घ्यायचा त्या एकाच माणसाचे नाव. मालमत्तेबाबतची इच्छा वारसांना बांधते, देहाबाबतची तितकी बांधत नाही. म्हणून कागदाइतकेच महत्त्व तो घरात मोठ्याने वाचून दाखवण्याला. प्रत लॉकरमध्ये नको. औषधांच्या डब्यात ठेवली तर सापडते.

दहन-दफनाचा पास मिळाला म्हणजे मृत्यूची नोंद झाली, असे समजून पुष्कळ जण थांबतात. नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. आणि नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात गेला आणि दहन साताऱ्यात झाले, तरी दाखला पुणे महापालिकेचाच. नाव आधार, पासबुक आणि सातबाऱ्यावर जसे आहे तसेच पडले आहे का, हे अर्जावर सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचावे. "विठ्ठल"चे "विठठल" झाले की दुरुस्तीला महिने जातात, आणि बँक तोवर खाते मोकळे करत नाही.